बारगिराची मांड

निवडणूक आली की वर्तमानपत्रांत पुढाऱ्यांचे शिलेदार दिसू लागतात. बारगीर म्हणवून घ्यायला कुणी तयार नसतो. मी मात्र अठरा वर्षं कॉलेजातल्या पोरापोरींना बारगीरच बनवतोय.

घोडा स्वतःचा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. शिवाजी महाराजांचा भर पागेवर, म्हणजे बारगिरांवर. सभासदाच्या बखरीत हिशेबच आहे: २५ बारगिरांवर एक हवालदार, दर २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. आमच्याकडे घोडे १२ आणि नालबंद त्याचा मोबाइल लागला तर. शिलेदाराचा घोडा मेला की भाकरी गेली, म्हणून तो लढाईत आधी घोडा जपायचा. इंग्रजांच्या हिंदी रिसाल्यांतही ही शिलेदारी चालली. पहिल्या महायुद्धात तिचा निभाव लागेना, आणि मग ती मोडीत निघाली.

मी माण तालुक्यातला. भरती झालो ६१ कॅव्हलरीत, जयपूरला. १९५३ साली संस्थानांच्या उरल्यासुरल्या रिसाल्यांतून ही रेजिमेंट उभी केली. शिंद्यांचे ग्वाल्हेर लान्सर्सही त्यातच आले. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये आमच्या दफादार रघुबीर सिंगांनी शाहबाजवर बसून इव्हेंटिंगचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा मी हातात खरारा घेतलेला नवा सवार होतो. दफादाराच्या पगारात कुठला आलाय घरचा तसला घोडा!

निवृत्तीनंतर एनसीसीच्या कॅडेटांना शिकवायला लागलो. व्हेटर्नरीची मुलं. घोड्याच्या पायातली हाडं तोंडपाठ, पण पाठीवर चढताना हात कापणार. पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणतंच, "उस्ताद, मला बादलच द्या." बादल गरीब आहे, एवढं त्यांना सीनियरांकडून कळलेलं असतं. मी रोज घोडा बदलतो. महिनाभर रिकिबी काढून ठेवतो. घोडा बागडोरीवर, दुडकी चाल, पोराचे हात आडवे पसरलेले. बूड आपटतं, मांड्या सोलतात, रात्री हळद लावतात. शिव्याही देत असतील. पण मांड रिकिबीत नसते आणि लगामात तर नसतेच. लगामाला लोंबकळणारा स्वार घोड्याचं तोंड फोडतो.

यातली एक मुलगी पुढे शिकायला अमेरिकेला गेली. तिथे कॉलेजांच्या घोडेस्वारी स्पर्धा चालवणारी एक संघटना आहे. १९६७ साली न्यू जर्सीतल्या एका विद्यार्थ्यानं सुरू केलेली. यजमान कॉलेज घोडे पुरवतं, कुणाला कोणता ते चिठ्ठीवर ठरतं, आणि सरावाची फेरीसुद्धा मिळत नाही. घोडा पाळायची ऐपत नसणाऱ्यालाही त्यामुळे उतरता येतं. मी म्हटलं, म्हणजे तिकडेही बारगीरच की!

एका रविवारी तिचा फोन आला.

"उस्ताद, चिठ्ठीत आडमुठा घोडा निघाला. वळणावर डावी रिकीब सुटली."

"मग?"

"सापडलीच नाही. तशीच फेरी पुरी केली."

"लगाम ओढलास?"

"नाही."

"कितवी आलीस?"

"सहावी."

तिथे सहाव्यालाही फीत देतात म्हणे.