मूळ इंजिन म्हणजे कोणते?

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनाची व्याख्या केली. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चेसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी ती व्हिंटेज. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, संशोधनासाठी किंवा दुरुस्तीला रस्त्यावर आणता येते; रोजच्या वापरासाठी नाही. व्याख्या वाचायला सोपी आहे. पण ती विदर्भातल्या जुन्या जीपगाड्यांना लावून पाहिली की इतिहासाचा एक मोठा तुकडा तिच्याबाहेर पडतो. या लेखात त्या तुकड्याविषयी लिहायचे आहे, आणि पुरावा म्हणून मी पारशिवनीच्या घरामागे गेली तीन वर्षे उघडून ठेवलेली एक जीप वापरणार आहे.

आधी वंशावळ. 1945 मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे 1948 मध्ये कंपनीच्या नावात दुसरा ‘महिंद्र’ आला. याच काळात मुंबईच्या माझगावात अमेरिकन विलीज कंपनीच्या जीपची जुळणी सुरू झाली. पुढे सुटे भागही इथेच बनू लागले. विलीजने 1953 मध्ये बाजारात आणलेले सीजे-3बी हे मॉडेल अमेरिकेत 1968 ला बंद झाले, पण आपल्याकडे ते त्यानंतरही निघत राहिले. ही जीप ओळखण्याची खूण म्हणजे उंच बॉनेट. ती शोभेसाठी नव्हती. युद्धकाळातल्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकच्या कुशीत होते. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला आणि बाहेर टाकणारा खालीच राहिला. क्षमता तीच, 2,199 सीसी; ताकद 60 वरून 70 अश्वशक्तीच्या पुढे गेली आणि इंजिन उंच झाले. त्याला झाकण्यासाठी बॉनेट वर उचलावे लागले.

नागपूर 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होते आणि ग्रामीण कारभार जनपद सभांकडे होता. 2 ऑक्टोबर 1952 ला समूह विकास योजना सुरू झाली आणि जीप हे तिचे चालते-फिरते चिन्ह बनले. 1 मे 1962 ला महाराष्ट्रात पंचायत समित्या आल्या तेव्हा ‘बीडीओची जीप’ हा शब्द गावोगाव रूढ झाला. पेंचच्या काठचे सागाचे जंगल, शेजारच्या रामटेक तालुक्यातल्या मनसरची मँगनीजची खाण, धरणाच्या आणि कालव्यांच्या मोजण्या, या सगळ्यांना डांबरी सडक सोडून जाणारी गाडी हवी होती. सरकार गावात आले की नाही हे लोक धुळीवरून ओळखत.

माझ्या जीपच्या चेसीवरची पाटी 1966 सालची आहे. बॉनेटच्या बाजूचा रंग पॉलिश पेपरने थराथराने काढत गेलो तेव्हा वर हिरवा, त्याखाली पांढरा आणि सर्वांत खाली राखाडी निघाला. राखाडीवर देवनागरीत ‘गट’ ही दोन अक्षरे शाबूत होती, पुढचे खरवडले गेले होते. बाकीचा इतिहास कागदात नाही, लोखंडात आहे.

पाट्यांपासून सुरुवात केली. पुढच्या दोन्ही बाजूंच्या पाट्यांत मधला एकेक पाटा बाकीच्यांपेक्षा जाड आणि वेगळ्या पोलादाचा होता. कडा गॅसने कापलेल्या. म्हणजे ट्रकच्या पाट्यातून घडवलेला. कोणी तरी पुढच्या बाजूला बरेच वजन आणले होते आणि ते पेलण्याची सोय केली होती. त्याचे कारण बॉनेटखाली बसले होते. तिथे हरिकेन नव्हतेच, बी-275 ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन होते.

चाके उतरवतानाची एक गंमत इथे सांगतो. विलीजने डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे दिले होते, चाकाच्या फिरण्याने नट ढिले होऊ नयेत म्हणून. मी पान्यावर लोंबकळत होतो. मिस्त्री शांतपणे म्हणाले, ‘‘काहून ताकद लावून राहिले भाऊ? उलट्या चुडीचा हाय तो.’’ पाटे जोडणाऱ्या काही शॅकलनाही असेच उलटे आटे असतात आणि त्यांच्यावर ओळखीचा बारीक उंचवटा असतो. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेले आहे. मिस्त्रींनी मॅन्युअल कधी पाहिलेले नाही. अंगठा फिरवून ते सांगतात.

ब्रेकने सर्वांत जास्त वेळ खाल्ला, आणि खायलाच हवा होता. या जीपचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, चेसीला लावलेला असतो. चिखल, नाल्याचे पाणी, शेण, सगळे त्याच्यावर. चारही चाकांना मिळून एकच नळी-जाळे. कुठेही एक गळती झाली की चारही ब्रेक जातात. मग उरतो हँडब्रेक, तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे सिलिंडर आतून गंजून खड्डे पडले होते. नागपूरच्या लेथवाल्याने आत नवी स्लीव्ह बसवून दिली. चाकांचे सिलिंडर घासून रबरी कप बदलले, नळ्या सगळ्या नव्या टाकल्या. जुन्या लाईनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ती धूळ हवेच्या पाइपने उडवायची गॅरेजमधली सवय जीवघेणी आहे, ओल्या फडक्याने पुसावी. शेवटी हवा काढणे: सर्वांत लांबचे, म्हणजे मागचे डावे चाक आधी. एकाने पायटा दाबायचा, दुसऱ्याने नटाखाली बाटली धरायची.

आता इंजिन. 1973-74 च्या तेलसंकटात खनिज तेलाचा भाव जगभर साधारण चौपट झाला. 1979 मध्ये इराणच्या क्रांतीनंतर दुसरा धक्का बसला. आपल्याकडे पेट्रोलवर भारी कर आणि डिझेल स्वस्त, हे धोरण होतेच. लिलावात घेतलेली सरकारी जीप पेट्रोलवर पोसणे खेड्यातल्या माणसाला अशक्य झाले. त्याच वेळी 1963 मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचे बी-275 ट्रॅक्टर शेतांत पोहोचले होते. 2.36 लिटरचे, 35 अश्वशक्तीचे, धडधडणारे पण थोडक्यात भागणारे इंजिन आणि ते उघडू शकणारा मिस्त्री तालुक्यातच होता. जोडणी झाली.

या जोडणीची किंमत गणितात दिसते. जीपच्या आसाचे गुणोत्तर 5.38. टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला 2,000 फेरे घेत असेल तर 16 इंची चाकांवर वेग भरतो ताशी 50 किलोमीटर. हरिकेन याच्या दुप्पट फिरे. म्हणजे मालकाने निम्मा वेग सोडला, कंप पत्करला, पाटे जाड केले, ब्रेकवर जास्त भार घेतला, आणि गाडी चालू ठेवली. ती 1979 मध्ये भंगारात गेली असती तर तिच्या मूळपणाची चर्चाच उरली नसती.

नागपूरच्या भंगारबाजारात मिस्त्रींना एक हरिकेन इंजिन सापडले. किंमत परवडण्यासारखी होती. ते आणून 0.020 इंच बोअरिंग केले, पिस्टन मिळवले, तर गाडी नियमांच्या जवळ जाईल असे ओळखीचे संग्राहक सांगतात. पण दुसऱ्याच जीपच्या पोटातले इंजिन बसवल्याने ही जीप मूळ कशी होते, हे मला कोणी पटवून दिलेले नाही. 1966 पासून पहिली काही वर्षे तिच्यात जे इंजिन होते ते गेले; त्याच्या जातीचे दुसरे आणणे ही प्रतिकृती आहे. आणि त्यासाठी चार दशके तिला ओढणारे, तिच्या पाट्यांवर खुणा सोडून गेलेले इंजिन बाहेर काढायचे. संग्रहालयात ठेवायची गाडी असती तर मी वेगळा विचार केला असता, हेही कबूल. मुंबई-पुण्याच्या रॅलीत हरिकेनचा आवाज ऐकताना मलाही आनंद होतो.

मी डिझेलचेच हेड उतरवले. व्हॉल्व्ह घासले, नोझल तपासून घेतले, इंजिनखालची रबरे बदलली. जाड पाटा काढला नाही. त्याच्या जागी कमी जाडीचा घालायचा तर वजन पेलणार नाही. व्हिंटेजचा अर्ज केला नाही. खासगी गाडीच्या नोंदणीचे पाच वर्षांचे नूतनीकरण करायचे ठरवले, त्यासाठी जुने नोंदणी पुस्तक पेटीतून काढले. त्यात इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’वर एक आडवी रेघ आहे, वर निळ्या शाईने ‘डिझेल’ लिहिले आहे, शेजारी गोल शिक्का आणि न वाचता येणारी सही. तारीख 1979 ची आहे.