नत्र आणि कुरण : रॉथॅम्स्टेड येथील पार्क ग्रास प्रयोगाचा इतिहास

शेतीशास्त्राच्या पाठ्यग्रंथांत नत्रयुक्त खताचा गवतावर होणारा परिणाम बहुधा एकाच वाक्यात सांगितलेला असतो : नत्र दिले असता पाने गर्द हिरवी होतात, वाढ जोमाने होते आणि वैरणीचे उत्पन्न वाढते. हे विधान खोटे नाही. परंतु ते गवतासंबंधीचे विधान आहे, कुरणासंबंधीचे नव्हे. कुरण म्हणजे अनेक जातींच्या वनस्पतींचा एकत्र नांदणारा समाज होय. त्यात एकीची वाढ ही दुसरीची कोंडी ठरू शकते. म्हणून ‘नत्राने किती गवत वाढते’ या प्रश्नामागे ‘नत्राने कोणते गवत वाढते आणि कोणते नाहीसे होते’ हा दुसरा प्रश्न उभा असतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एक-दोन हंगामांत मिळते. दुसऱ्यास दीर्घ काळ द्यावा लागतो. इंग्लंडात हर्टफर्डशायर परगण्यातील रॉथॅम्स्टेड येथे सन १८५६ मध्ये सुरू झालेला आणि अद्यापि चालू असलेला पार्क ग्रास प्रयोग हा या दोन प्रश्नांमधील अंतराचाच इतिहास आहे.

या प्रयोगाचे प्रवर्तक दोघे. जॉन बेनेट लॉज (१८१४–१९००) हे रॉथॅम्स्टेडचे जमीनदार. हाडांचा चुरा व खनिज फॉस्फेट यांवर गंधकाम्लाची क्रिया करून सुपरफॉस्फेट तयार करण्याचा परवाना त्यांनी १८४२ मध्ये मिळविला व त्या धंद्यातील उत्पन्नावर शेतीविषयक संशोधनाचा भार उचलला. दुसरे जोसेफ हेन्री गिल्बर्ट (१८१७–१९०१) हे रसायनशास्त्रज्ञ. जर्मनीतील गीसेन येथे युस्टुस फॉन लीबिग यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले होते. १८४३ मध्ये या दोघांनी सुरू केलेले सहकार्य सत्तावन्न वर्षे टिकले आणि त्याचा बराच भाग गिल्बर्ट यांच्या गुरूशी झालेल्या वादाने व्यापलेला आहे.

वादाचा विषय नत्र हाच होता. वनस्पतींना लागणारी खनिज द्रव्ये जमिनीस परत केली म्हणजे पुरे, नत्राची गरज हवेतील अमोनियातून भागते, असे लीबिग यांचे प्रतिपादन होते. गव्हावरील प्रयोगांवरून लॉज व गिल्बर्ट यांना ते अमान्य झाले. केवळ खनिज खतावर गव्हाचे पीक फारसे वाढत नव्हते. अमोनियाचे क्षार दिल्याबरोबर ते वाढत होते. तथापि गव्हाचे शेत दरवर्षी नांगरले जाते व त्यात एकच पीक असते. न नांगरलेल्या कुरणातून वर्षानुवर्षे गवत कापून नेले तरी ते उगवतच राहते. तेव्हा तेथे नत्राचा हिशेब कसा लागतो, हे पाहणे आवश्यक होते. व्यवहाराची बाजूही तितकीच महत्त्वाची होती. घोडे व गुरे यांच्यासाठी वाळलेल्या गवताला मोठी मागणी असे आणि ते उत्पन्न खतांनी वाढविता येते काय, हे शेतकऱ्यास हवे होते.

यासाठी निवडलेले क्षेत्र सुमारे सात एकरांचे होते. ही जमीन किमान शंभर वर्षे कुरण म्हणूनच राखलेली होती व तिच्यावरील वनस्पती सर्वत्र बहुतांशी सारख्या होत्या. तिचे तुकडे पाडून काहींना कोणतेच खत द्यावयाचे नाही, काहींना केवळ स्फुरद, पालाश इत्यादी खनिजे, काहींना केवळ नत्र व काहींना दोन्ही द्यावयाची, अशी योजना आखण्यात आली. नत्र दोन रूपांत देण्यात आले : गॅसच्या कारखान्यांतून मिळणारे अमोनियम क्षार आणि दक्षिण अमेरिकेतून येणारे सोडियम नायट्रेट. नत्राच्या मात्रांतही फरक ठेवला. आजच्या परिमाणात त्या हेक्टरी ४८, ९६ व १४४ किलोग्रॅम होतात. जून महिन्यात गवत कापून वाळवावयाचे व नंतरच्या फुटव्यावर मेंढ्या चारावयाच्या, असा क्रम प्रारंभी होता. १८७५ पासून मेंढ्यांऐवजी दुसरी कापणी घेण्यात येऊ लागली. बियाणे मात्र कोठेही पेरले नाही. ही अखेरची गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे जे बदल घडले ते खताने, चुन्याने व कापणीने घडविलेले आहेत, बियाण्याने नव्हेत.

उत्पन्नाच्या दृष्टीने निकाल अपेक्षेप्रमाणेच लागला. नत्र व खनिजे दोन्ही मिळालेल्या तुकड्यांत वैरणीचे वजन बिनखताच्या तुकड्यांच्या दुपटीहून अधिक भरले. नत्र हे पानांतील प्रथिनांचे व हरितद्रव्याचे घटक असल्याने ते मिळताच गवताला अधिक फुटवे येतात, पाने लांब व रुंद होतात आणि सूर्यप्रकाशाचा उपयोग वाढतो. मात्र एकटे नत्र फार काळ पुरे पडले नाही. दरवर्षीच्या कापणीबरोबर स्फुरद व पालाश शेताबाहेर जात होते. त्यांची भरपाई न झालेल्या तुकड्यांत नत्राचा प्रभाव ओसरत गेला. या अर्थाने लीबिग यांचा खनिजांविषयीचा आग्रह निराधार नव्हता. चूक होती ती नत्राला हिशेबातून वगळण्यात.

अनपेक्षित होते ते दुसरेच. दोन-तीन वर्षांतच निरनिराळे तुकडे इतके वेगळे दिसू लागले, की येथे खतांची नव्हे, निरनिराळ्या बियाण्यांचीच परीक्षा चालली आहे, असा पाहणाऱ्याचा समज व्हावा. वजन हे एकच माप पुरेसे नाही, हे लॉज व गिल्बर्ट यांनी तत्काळ ओळखले. त्यांनी कापलेल्या गवताचे नमुने घेऊन त्यांतील प्रत्येक जात हाताने वेगळी काढण्याचे अत्यंत किचकट काम अंगावर घेतले. १८६२, १८६७, १८७२ व १८७७ या वर्षी असे संपूर्ण पृथक्करण झाले. वनस्पतिशास्त्रज्ञ मॅक्सवेल मास्टर्स यांच्या सहकार्याने १८८२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बिनखताच्या तुकड्यांत जातींची विविधता टिकून होती. आजही तेथे चाळिसांच्या आसपास जाती आढळतात. नत्र भरपूर मिळालेल्या तुकड्यांत थोड्या उंच गवतांनी बाकीच्यांना मागे सारले होते. याचे एक कारण उघड आहे. नत्राची टंचाई असते तोवर जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पतींनाही प्रकाश मिळतो. ती टंचाई दूर होताच स्पर्धा मुळांकडून पानांकडे जाते आणि उंच गवताच्या सावलीत ठेंगण्या वनस्पतींची उपासमार होते.

नत्राविना केवळ खनिजे दिलेल्या तुकड्यांत याच्या उलट घडले. तेथे तांबड्या क्लोव्हरसारख्या शेंगावर्गीय वनस्पती फोफावल्या आणि त्या तुकड्यांतून मिळणाऱ्या वैरणीत कोणी न दिलेले नत्र विपुल प्रमाणात सापडू लागले. ते आले कोठून, याचे उत्तर प्रयोगकर्त्यांपाशी नव्हते. अमेरिकन रसायनज्ञ इव्हान पग यांच्यासह त्यांनी १८५७–५८ मध्ये काटेकोर प्रयोग करून वनस्पती हवेतील मुक्त नत्र घेत नाहीत, असे सिद्ध केले होते. परंतु त्या प्रयोगांत माती तापवून निर्जंतुक केली होती आणि त्या दक्षतेतच उत्तर नष्ट झाले होते. १८८६ मध्ये हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी शेंगावर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्मजीव हवेतील नत्र बांधतात, हे दाखविले. तीस वर्षे पार्क ग्रासचे तुकडे जी वस्तुस्थिती मूकपणे नोंदवीत होते, तिचा अर्थ तेव्हा लागला. नत्रखताने शेंगावर्गीय वनस्पतींना हुसकून लावणे म्हणजे बाहेरून नत्र आणून कुरणातील नत्राचा फुकट झरा बुजविणे होय, हाही त्याचाच अर्थ होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी आणखी एक गुंता पुढे आला. अमोनियम क्षार मिळालेले तुकडे व सोडियम नायट्रेट मिळालेले तुकडे यांना सारखेच नत्र मिळूनही त्यांची स्थिती सारखी राहिली नव्हती. जमिनीतील जंतू अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात तेव्हा आम्ल निर्माण होते. त्यामुळे चुना विरघळून निचऱ्यावाटे वाहून जातो. नायट्रेट खताने असे घडत नाही. अमोनियम क्षारांच्या तुकड्यांची आम्लता वर्षागणिक वाढत गेली व अखेरीस तेथील मातीचा सामू साडेतीनच्या जवळपास उतरला. ॲल्युमिनियम विद्राव्य होऊन मुळांना बाधू लागले, गांडुळे नाहीशी झाली आणि मेलेल्या गवताचा न कुजलेला जाड थर जमिनीवर साचला. अशा ठिकाणी दोन-तीनच जाती तग धरू शकल्या. सर्वाधिक मात्रेच्या तुकड्यात तर यॉर्कशायर फॉग नावाच्या एकाच गवताचे राज्य झाले.

अमोनियम सल्फेटचा हा गुण बेडफर्डशायरमधील वोबर्न येथील वाळूमिश्रित जमिनीत अधिक लवकर प्रत्ययास आला होता. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बार्लीचे पीक या खताखाली बसू लागले आणि चुना देताच सावरले. ते निरीक्षण करणारे जे. ए. व्होल्कर हेच हिंदुस्थानच्या शेतीसुधारणेवरील १८९३ च्या प्रसिद्ध अहवालाचे लेखक होत. वोबर्नचा महाराष्ट्राशी दुसराही एक दुवा आहे. पुणे येथील कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य, मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक व पिंपळे सौदागर गावाच्या १९१७ मधील अभ्यासाचे कर्ते डॉ. हॅरल्ड मॅन यांनी हिंदुस्थान सोडल्यावर पुढील संशोधन वोबर्न येथेच केले.

पार्क ग्रासवर १९०३ पासून बहुतेक तुकड्यांच्या अर्ध्या भागास ठराविक काळाने चुना देण्यास आरंभ झाला. १९६५ मध्ये तुकड्यांची पुन्हा विभागणी करून तीन भागांचा सामू अनुक्रमे सात, सहा व पाच राखण्याचे व चौथा भाग चुन्याविना ठेवण्याचे ठरले. यामुळे एकत्र गुंतलेली दोन कारणे वेगळी करता आली. चुना दिल्यावर पुष्कळ जाती परतल्या. म्हणजे त्यांचा नाश आम्लतेने झाला होता. परंतु आम्लता नसलेल्या भागांतही नत्राच्या वाढत्या मात्रेबरोबर जातींची संख्या घटलेलीच राहिली. तो परिणाम खुद्द नत्राचा. मूळ आराखड्यात नत्राची दोन रूपे शेजारी-शेजारी ठेवली नसती, तर हा भेद इतका स्पष्ट झाला नसता.

या दीर्घ काळात नोंदींची परंपरा विनिफ्रेड ब्रेन्चली व कॅथरीन वॉरिंग्टन यांनी पुढे चालविली. ब्रेन्चली यांचा ग्रंथ १९२४ मध्ये निघाला व १९५८ मध्ये वॉरिंग्टन यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती सिद्ध केली. त्यानंतर स्नेडन व त्यांचे सहकारी यांनी स्वीट व्हर्नल या गवताचा अभ्यास करून एक आश्चर्यकारक गोष्ट उजेडात आणली. थोड्याच अंतरावरील तुकड्यांत वाढणारी या एकाच जातीची रोपे उंचीत, रोगप्रतिकारात व मातीतील क्षारांना देणाऱ्या प्रतिसादात परस्परांहून आनुवंशिकरीत्या भिन्न झाली होती. १९६५ नंतर चुना मिळालेल्या भागांत तर हा भेद काही वर्षांतच दिसू लागला. खताने कुरणातील जातींची निवड केली, इतकेच नव्हे, तर एकेका जातीच्या अंतरंगातही निवड केली.

झालेले नुकसान भरून येते काय, हा प्रश्न शेवटी उरतो. इंग्लंड व वेल्स यांच्या सखल प्रदेशातील नैसर्गिक स्वरूपाची सुमारे ९७ टक्के गवताळ जमीन १९३० ते १९८४ या काळात नष्ट झाली, असा अंदाज आहे. कृत्रिम अमोनियाचे उत्पादन १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे सुरू झाले व पुढे नत्रखत स्वस्त झाले. नांगरट, मोजक्या गवतांची पेरणी आणि हे खत यांनी मिळून तो पालट घडविला. पार्क ग्रासच्या काही तुकड्यांच्या अर्ध्या भागाचे नत्र १९८९ पासून बंद करण्यात आले. कोळसा व वाहने यांच्या धुरातून आणि पशुपालनातून हवेत जाऊन पावसाबरोबर उतरणारे नत्रही पुढे कमी होत गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेंगावर्गीय वनस्पती व जातींची विविधता पुन्हा वाढत असल्याचे आढळले. परंतु या आशेला एक अट आहे. शेजारच्या बिनखताच्या तुकड्यांत बियांचा साठा होता, कापलेले गवत नियमाने बाहेर नेले जात होते आणि आम्लता पराकोटीला गेलेली नव्हती. ज्या मुलखात असा शेजारच उरला नाही, तेथे खत थांबविणे पुरेसे होईल, असे या प्रयोगावरून म्हणता येत नाही.

लॉज व गिल्बर्ट यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना थोड्या वर्षांत मिळाले होते. त्याच वेळी प्रयोग बंद केला असता, तर नत्राने वैरण वाढते एवढाच सिद्धांत शिल्लक राहिला असता आणि तो अंकांच्या दृष्टीने अचूकच ठरला असता. वजनाच्या रकान्याशेजारी जातींचा रकाना ठेवण्यात आला, वाळलेले नमुने जपण्यात आले आणि बिनखताचा तुकडा दीडशेहून अधिक वर्षे बिनखताचाच राखला गेला, म्हणून त्या सिद्धांताची मर्यादा कळू शकली. नत्र गवत वाढविते, हे खरेच आहे. पण कुरणाच्या बाबतीत त्या वाढीचा अर्थ ठरविण्यास तराजू एकटा समर्थ नाही.