वनस्पतींचे वर्गीकरण

रचना व परस्परसंबंध यांनुसार वनस्पतींची गटवार मांडणी. थिओफ्रॅस्टसने बाह्यरूपावरून वृक्ष, झुडपे, उपझुडपे व ओषधी असे भाग केले होते. कार्ल लिनीअसने स्पीशीज प्लँटेरम (१७५३) या ग्रंथात २४ वर्ग पाडले. त्यांतले बहुतेक पुंकेसरांची संख्या व मांडणी यांवर आधारलेले होते. फुले नसलेल्या साऱ्या वनस्पती शेवटच्या वर्गात गेल्या. ओळख पटवण्यास ही पद्धत सोयीची होती. मात्र नेचे, हरिता, शैवले व कवके एकत्र आल्याने अबीजी वनस्पतींचा स्वतंत्र विचार दीर्घकाळ मागे पडला. व्हिल्हेल्म होफमाइस्टरने १८५१ मध्ये गंतुकधारी व बीजुकधारी पिढ्यांचे एकांतरण दाखवून अबीजी व बीजी वनस्पतींतील दुवा स्पष्ट केला. वर्गीकरणाच्या इतिहासात हे कार्य लिनीअसच्या कार्याइतकेच मोलाचे आहे.

शैवले : बहुतेक जलवासी. हरित शैवले स्थलवासी वनस्पतींची सर्वांत जवळची नातेवाईक.

शेवाळी : यकृतका, शृंगका व हरिता हे तीन गट. गंतुकधारी पिढी प्रमुख. बीजुकधारी तिच्यावर वाढते. वाहक ऊतक काष्ठीभूत नसते. यकृतकांची साधी रचना आद्य मानण्याचा प्रघात होता. हिमालयातील यकृतकांचे अभ्यासक शिवराम कश्यप यांनी उलट मत मांडले : हा साधेपणा ऱ्हासातून, म्हणजे अधिक गुंतागुंतीच्या पूर्वजांपासून आला. यकृतकांत पर्णरंध्रे नाहीत, हरिता व शृंगकांत ती आढळतात. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांत यकृतकांतील अभाव हा नंतरचा लोप असावा असे दिसते. त्यामुळे कश्यपांच्या विचाराची दिशा पुन्हा लक्षात घेण्याजोगी ठरते. यकृतकांचे नेच्यांशी त्यांनी जोडलेले थेट नाते मात्र आज मान्य नाही.

नेचाभ पादप : वाहक ऊतक आहे, बीज नाही. जुना एकसंध गट आता दोन शाखांत विभागतात. लायकोपोडियम, सिलाजिनेला व आयसोएटिस यांची एकशिरी पाने असलेली शाखा वेगळी. नेचे, सायलोटम व एक्विसीटम यांची शाखा बीजी वनस्पतींना अधिक जवळची. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मांडणीत दोन्ही मिळून सुमारे १२,००० जाती धरल्या आहेत. सह्याद्रीच्या पठारांवरील डबक्यांत पावसाळ्यात उगवणारे आयसोएटिस गवतासारखे दिसते व सहज नजरेतून सुटते; त्याच्या एका जातीचे नाव पाचगणीवरून आहे. ब्लॅटर व द’आल्मेइदा यांचा मुंबई इलाख्यातील नेच्यांवरील ग्रंथ १९२२ चा.

प्रकटबीज वनस्पती : सायकस, गिंको, शंकुधारी वृक्ष व नीटम यांचे वर्ग. सुमारे १,००० जाती.

आवृतबीज वनस्पती : सुमारे तीन लाख जाती. बेंथॅम व हूकर यांच्या पद्धतीत (१८६२–८३) प्रकटबीज वनस्पती द्विदलिकित व एकदलिकित यांच्या मध्ये ठेवल्या होत्या. हे स्थान आता त्याज्य आहे. मुंबई इलाख्याची कुकची वनस्पतिसूची (१९०१–०८) याच पद्धतीची असून भारतातील अनेक संग्रहालयांत नमुने अद्याप त्याच क्रमाने लावलेले आढळतात. एपीजी (आवृतबीज जातिवृत्त गट) पद्धत (१९९८; चौथी आवृत्ती २०१६) डीएनए अनुक्रमांवर आधारित असून तीत ६४ गण व ४१६ कुले आहेत. तीनुसार साग तुळशी कुलात आला, रुई कुल करवीर कुलात विलीन झाले आणि कमळ कुमुदिनीच्या कुलातून दूर गेले. ‘द्विदलिकित’ हा एकसंध गट राहिला नाही.

कवके १९६९ च्या व्हिटकरकृत पंचसृष्टी पद्धतीपासून वनस्पतींत गणली जात नाहीत.