फाईल आली, पण पूर्ण आली का?

एखादा फोल्डर नजरेखाली ठेवायचा, त्यात फाईल पडली की शेल स्क्रिप्टने ती उचलायची, नाव बदलायचं, योग्य जागी हलवायची... आपल्या धंद्यात ही स्क्रिप्ट प्रत्येकाने एकदा तरी लिहिलेली असते. दहा ओळींचं काम. पण मंडळी, या दहा ओळींमागे जवळजवळ पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात प्रिंटरपासून. सत्तरच्या दशकात प्रिंटर एक आणि माणसं अनेक. म्हणून युनिक्सवर तुमची फाईल आधी एका 'स्पूल' डिरेक्टरीत पडायची आणि एक डेमन सवडीने ती उचलून छापायचा. १९७९ च्या युनिक्समधला क्रॉनही दर मिनिटाला जागा होऊन 'काही काम आहे का?' बघायचा. म्हणजे यवतमाळच्या एसटी स्टँडवर दर पाच मिनिटांनी चौकशीच्या खिडकीशी जाऊन "दारव्हा गाडी लागली का?" विचारण्यासारखं. गाडी लागली की लाऊडस्पीकरवर सांगावं, ही सोय लिनक्समध्ये यायला २००१ उजाडलं. २.४ कर्नलमधलं डीनोटिफाय मात्र फारच अर्धवट होतं. डिरेक्टरीत काहीतरी बदललं एवढंच सांगायचं, कोणती फाईल ते नाही. शिवाय डिरेक्टरी उघडी धरून ठेवायला लागायची, त्यामुळे पेन ड्राईव्ह काढायची पंचाईत.

ऑगस्ट २००५ मध्ये २.६.१३ कर्नलबरोबर जॉन मॅककचन आणि रॉबर्ट लव्ह यांचं आयनोटिफाय आलं. फाईल तयार झाली, लिहून बंद झाली, दुसरीकडून इथे हलवली गेली, सगळं वेगवेगळं कळायला लागलं. पुढे आयनोटिफायवेट ही कमांड आली आणि शेलवाल्यांचीही चंगळ झाली.

इथे बहुतेक लोक इतिहास संपवतात. माझ्या मते खरी गंमत पुढेच आहे.

काही वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये जाण्याचा योग आला. कापसाची गाडी काट्यावर आली की भरल्या गाडीचं वजन एका फाईलमध्ये लिहिलं जायचं. गाडी रिकामी होऊन परत आली की त्याच फाईलमध्ये रिकाम्या गाडीचं. मध्ये तासभर सहज जायचा. आणि कोणीतरी बसवून दिलेली स्क्रिप्ट दर मिनिटाला फोल्डरमधल्या सगळ्या फाईली उचलून हिशेब करायची. रिकामं वजन नाही? मग शून्य! ६,१८० किलोची भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली, रिकामी ३,९४० किलो, म्हणजे कापूस २२.४० क्विंटल, वहीत मात्र ६१.८० क्विंटल. ताळा जुळेना म्हणून त्या दिवशीचे सगळ्यांचे चुकारे थांबले. रात्री नऊला शेतकरी अजून आवारात बसलेले. दिवाणजी वैतागून म्हणाले, "गाडी खाली व्हायच्या आंधी पावती फाडते का कोनी?"

दिवाणजींनी नेमकं बोट ठेवलं होतं. तिथे आयनोटिफाय लावूनही भागलं नसतं. पहिलं वजन लिहून प्रोग्राम फाईल बंद करत होता, त्यामुळे 'लिहून बंद झाली' ही खबर तेव्हाच मिळाली असती. फाईल पुरी झाली की नाही हे पाहणाऱ्याला कळूच शकत नाही, ते लिहिणाऱ्यानेच सांगायला हवं.

आणि हे जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं! बीएसडी युनिक्सचा एलपीआर मजकुराची फाईल टाकायचा, कामाची चिठ्ठी 'टीएफ'ने सुरू होणाऱ्या नावाने लिहायचा, आणि सगळं झाल्यावरच तिला 'सीएफ'ने सुरू होणारं नाव द्यायचा. डेमन फक्त 'सीएफ'वाल्या चिठ्ठ्या बघायचा. १९९० च्या दशकात डॅनियल बर्नस्टाईनने क्यूमेलसाठी मेलडिर काढलं त्यातही तेच. पत्र 'टीएमपी'मध्ये लिहायचं, पूर्ण झालं की 'न्यू'मध्ये सरकवायचं. एकाच फाईलसिस्टीमवर नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे अर्धवट फाईल कोणाच्या नजरेला पडतच नाही.

जिनिंगमध्येही हाच जुना उपाय केला. दुसरं वजन लिहिल्यावरच फाईलचं नाव बदलेल असा बदल काट्याच्या प्रोग्राममध्ये करून घेतला, आणि स्क्रिप्ट फक्त बदललेल्या नावांकडे बघायला लागली. एकच पथ्य. तात्पुरता फोल्डर दुसऱ्या डिस्कवर असेल तर एमव्ही ही कमांड गुपचूप कॉपी करते आणि मूळ फाईल मग पुसते, म्हणजे पुन्हा अर्धवट फाईल! तेव्हा दोन्ही फोल्डर एकाच डिस्कच्या एकाच पार्टिशनवर ठेवा.