पर्यावरणानुकूल राहणी : ठाणे व कल्याण–डोंबिवली

नित्याच्या गरजा भागविताना पाणी, इंधन व वस्तू बेताने वापरणे आणि निर्माण होणारा टाकाऊ भाग शक्य तितका पुन्हा उपयोगात आणणे, या रीतीस पर्यावरणानुकूल राहणी म्हणतात. संज्ञा अलीकडची असली, तरी तिच्यात अभिप्रेत असलेल्या बहुतेक सवयी ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांतील मध्यमवर्गीय व श्रमिक घरांत १९७० च्या सुमारापर्यंत सर्रास आढळत. त्यांमागे निसर्गाचा विचार क्वचितच असे. टंचाई, काटकसर व वस्तूंची महागाई हीच त्यांची कारणे होत. सुबत्तेबरोबर त्या मागे पडल्या आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांतील काही जाणीवपूर्वक पुन्हा अंगीकारल्या जाऊ लागल्या. पूर्वी या सवयींना बाजाराची व शेजाराची व्यवस्था आधार देत होती. नंतर व्यक्तीची इच्छा उरली, पण व्यवस्था मोडलेली होती. या फरकाकडे दुर्लक्ष करून केलेला कोणताही विचार अपुरा ठरतो.

या शहरांतील सर्वांत परिणामकारक पर्यावरणानुकूल सवय म्हणजे लोकलने प्रवास करणे. ती मात्र त्या नावाने कोणी ओळखत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या ३४ किमी. अंतरावर भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली व १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. पुढे मुंबई परिसरातील मार्गांचे विद्युतीकरण झाले. त्यासाठी ठाकुर्ली येथे १९२९ च्या सुमारास रेल्वेचे चोळे वीजघर उभे राहिले. ते कोळशावर चालत असे, त्यामुळे त्या विजेला स्वच्छ म्हणणे धाडसाचे होईल. १९८०–९० या दशकाच्या अखेरीस ते बंद पडले. मुंबईत नोकरी आणि डोंबिवलीत बिऱ्हाड ही रीत स्वातंत्र्यानंतर रूढ झाली ती या गाडीच्या भरवशावर. सु. ४८ किमी. दूर राहणारा कारकून मोटारीवाचून, पासाच्या अल्प खर्चात रोज जाऊन येतो, ही गोष्ट जगातील अनेक संपन्न महानगरांना साधलेली नाही. २००७ पासून आलेल्या नव्या गाड्यांत ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज तारेत परत पाठविण्याची सोय आहे. या काटकसरीची किंमत मात्र प्रवाशाच्या शरीराने मोजली जाते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांच्या दारांतून पडून काही प्रवासी मृत्युमुखी पडले. गर्दीला कंटाळून ऐपत असलेला माणूस मोटार घेतो, तेव्हा त्यास उपदेश करण्यात फारसा अर्थ नसतो.

चाळीतील व वाड्यातील घरव्यवस्थेचे तपशील पाहण्यासारखे आहेत. वाण्याकडून जिन्नस कागदाच्या पुड्यात दोऱ्याने बांधून येत. तेलासाठी घरची किटली वा बरणी न्यावी लागे. पुड्याचा कागद शेगडी पेटविण्यास व दोरा गुंडाळी करून पुढच्या कामास ठेवला जाई. भांडी राखेने व नारळाच्या शेंडीने घासली जात आणि पितळेच्या भांड्यांना कल्हईवाला दारात बसून कल्हई करी. जुने कपडे बोहारीण घेऊन जाई व त्यांच्या मोबदल्यात भांडे देई. तिने नाकारलेल्या लुगड्यांच्या गोधड्या होत. वर्तमानपत्रे रद्दीवाल्याकडे, डबे-बाटल्या भंगारवाल्याकडे आणि उष्टे-खरकटे गोठ्याकडे जाई. मोरीचे पाणी मागील अंगणात सोडून त्यावर अळू व केळी वाढविण्याची कोकणी पद्धत जागा असेल तेथे पाळली जाई. शासकीय दुग्धयोजनेचे दूध काचेच्या बाटल्यांतून केंद्रावर मिळे. रिकामी बाटली धुऊन परत केल्याखेरीज भरलेली हाती येत नसे. या एका नियमामुळे बाटली कचऱ्यात जाण्याचा प्रश्नच उद्‌भवत नसे.

या जुन्या राहणीचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. राखेने भांडी घासणे, विहिरीचे पाणी शेंदून भरणे, गोधड्या शिवणे ही कामे जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांच्या वाट्याला होती. शेगडीच्या धुराने त्यांच्याच डोळ्यांना व फुप्फुसांना अपाय होई. टोपलीच्या संडासांतील मैला डोक्यावरून वाहून नेण्याचे काम विशिष्ट जातींवर लादलेले होते. प्रेशर कुकर, गॅसची शेगडी व धुलाईयंत्र यांनी घरातील स्त्रीला दिवसाकाठी काही तास मोकळे करून दिले. पूर्वीच्या सवयींकडे परतण्याची सूचना बहुधा पुरुषांकडून होते, ही बाब येथे नमूद करावीशी वाटते.

बदलाची सुरुवात १९६० नंतर झाली. १९६४ मध्ये डोंबिवलीत औद्योगिक वसाहत स्थापन झाली. इमारती वाढल्या, अंगणे गेली. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याण–डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. याच सुमारास प्लास्टिकची पिशवी बाजारात स्थिरावली. काचेच्या बाटलीची जागा प्लास्टिकच्या पिशवीतील दुधाने घेतली आणि वाण्याचा कागदी पुडा नाहीसा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या सु. १८·४ लाख व कल्याण–डोंबिवलीची सु. १२·५ लाख होती. एवढ्या वस्तीचा मिश्र कचरा कल्याणमध्ये खाडीकाठच्या आधारवाडी येथे आणि ठाण्याहून दिव्याच्या क्षेपणभूमीवर जाऊन पडे. या ढिगांना वरचेवर आगी लागत व त्यांचा धूर कचरा टाकणाऱ्यांपेक्षा ढिगांशेजारी राहणाऱ्यांना अधिक सोसावा लागे. एप्रिल २०१५ मध्ये, घनकचऱ्याची शास्त्रोक्त विल्हेवाट लावण्यात महानगरपालिका अपयशी ठरल्याने, मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण–डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. ती सुमारे वर्षभराने सशर्त उठविण्यात आली. घरातील बादलीचा संबंध शहराच्या वाढीशी इतक्या उघडपणे क्वचितच जोडला गेला असेल.

ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय या भागात याच रेट्याने रुजली. असे वर्गीकरण २००० च्या नियमांतही होते आणि २०१६ च्या नियमांनी ते अधिक स्पष्ट केले. पण वेगळा केलेला कचरा एकाच गाडीत ओतला जात असल्याचे पाहून अनेक गृहिणींनी तो नाद सोडला होता. मे २०२० मध्ये कल्याण–डोंबिवलीत शून्य कचरा मोहीम सुरू झाली व कचरा वेगवेगळा उचलण्यावर भर देण्यात आला. मे २०२१ पासून आधारवाडी येथे कचरा टाकणे थांबले. दिव्याची क्षेपणभूमी २०२३ मध्ये बंद झाली. ओल्या कचऱ्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या निसर्गऋण या जैववायू-पद्धतीचा अवलंब कल्याण–डोंबिवलीत करण्यात आला आहे. या संयंत्रात प्लास्टिकचा अंश गेल्यास ते बिघडते. साहजिकच त्याचे यश स्वयंपाकघरात होणाऱ्या निवडीवर अवलंबून असते.

स्वयंसेवी प्रयत्नांत डोंबिवलीत १९९९ च्या सुमारास स्थापन झालेले पर्यावरण दक्षता मंडळ महत्त्वाचे आहे. 'आपलं पर्यावरण' हे मासिक चालविणे, शाळांतून जागृती करणे, निरुपयोगी विद्युत् उपकरणे गोळा करणे ही त्याची कामे होत. डोंबिवलीतील ऊर्जा फाउंडेशनने घरोघरचे स्वच्छ, कोरडे प्लास्टिक जमवून पुण्याच्या बाजूच्या इंधननिर्मिती प्रकल्पाकडे पाठविण्याचा उपक्रम चालविला. वाचलेली पुस्तके देऊन दुसरी नेण्याचे पै फ्रेंड्स लायब्ररीचे आदान-प्रदान सोहळेही या मालिकेत बसतात. डोंबिवलीकराच्या घरात कपाटाची जागा किती असते, हे ठाऊक असणाऱ्यास त्यांची लोकप्रियता समजावी.

प्लास्टिकविषयक कायद्यांचा अनुभव संमिश्र आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात नाले तुंबण्यास पिशव्या कारणीभूत ठरल्याचे दिसून आल्यावर राज्यात त्यांवर निर्बंध आले. २००६ मध्ये अविघटनशील कचरा नियंत्रणाचा कायदा झाला. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने पिशव्या व एकदाच वापरावयाच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. कापडी पिशवी पुन्हा खांद्यावर आली आणि काही काळाने पातळ पिशव्याही भाजीवाल्याकडे परतल्या. दुधाच्या पिशवीस मात्र सूट होती. रिकामी पिशवी परत घेताना किमान ५० पैसे द्यावेत, अशी अट त्या सुटीसोबत घालण्यात आली होती. ती प्रत्यक्षात रुजली नाही. काचेच्या बाटलीच्या काळात जी देवघेव विनासायास चाले, ती आज्ञेने पुन्हा उभी करता आली नाही, हे या प्रकरणातील सर्वांत बोलके उदाहरण होय.

सणांच्या बाबतीत ठाण्याचा अनुभव अधिक आशादायक आहे. तलावांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठाण्यात आज सु. ३५ तलाव उरले आहेत. मूर्तींचे रंग व प्लास्टर ऑफ पॅरिस यांमुळे त्यांचे पाणी बिघडत असल्याने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे विसर्जनासाठी कृत्रिम तलाव बांधण्यात येऊ लागले. समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेच्या साहाय्याने निर्माल्य वेगळे जमवून त्याचे खत करण्यात येते. श्रद्धेला धक्का न लावता केवळ विसर्जनाचे स्थळ बदलल्यामुळे ही पद्धत लोकांनी स्वीकारली, असे म्हणता येईल.

सौर जलतापकांचा प्रसारही उल्लेखनीय आहे. दोन्ही महानगरपालिकांनी नव्या इमारतींना ते बसविण्याची अट घातली आणि केंद्र शासनाच्या सौर शहर कार्यक्रमातही दोन्ही शहरांचा समावेश झाला.

वैयक्तिक राहणीच्या मर्यादाही येथे ठळक दिसतात. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवली औद्योगिक क्षेत्रातील एक रस्ता रसायनांमुळे गुलाबी झाला होता. उल्हास व वालधुनी या नद्यांतील सांडपाण्यावर कापडी पिशवीचा उपाय चालत नाही.

पाण्याच्या बाबतीत हिशेब आणखी गुंतागुंतीचा आहे. ठाण्यास भातसा धरणाचे व उल्हास नदीचे पाणी मिळते. भातसा, तानसा व मोडकसागर ही मोठी धरणे शहापूर तालुक्याच्या परिसरात आहेत. मुंबई व ठाण्याची तहान मुख्यतः तीच भागवितात. त्याच तालुक्यातील अनेक गावे व आदिवासी पाडे यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. ठाण्यातील कुटुंबाने गळका नळ बदलला, धुण्याचे पाणी फरशीला वापरले वा इमारतीच्या गच्चीवरील पावसाचे पाणी विंधणविहिरीत सोडले, तरी वाचलेले पाणी शहापूरच्या पाड्यावर पोहोचविणारी नळयोजना आपोआप निर्माण होत नाही. ते पाणी शहरातच, नव्या इमारतींच्या जोडण्यांना मिळते.