दीडशे रुपयांची तोफ आणि किलोच्या भावाची ड्रिल मशीन

अहमदनगरच्या निजामशाहीत 1549 साली मुहम्मद बिन हुसेन रूमी या उस्तादाने मलिक-ए-मैदान ही तोफ ओतली. वजन पन्नास टनांहून जास्त, धातू तांबे आणि कथील. पुढे ती विजापूरला गेली. 1854 मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी ती जुना माल म्हणून लिलावात काढली, तेव्हा सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची! रक्कम फारच किरकोळ, त्यात लोकांची तोफेवर श्रद्धा. म्हणून विक्री रद्द झाली. नाहीतर ती वितळली असती.

त्याच निजामशाहीच्या मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली, म्हणजे आपले औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. इथे 1889 मध्ये कापड गिरणी आली, 1900 मध्ये रेल्वे आली. पण यंत्रांचा खरा लोंढा एमआयडीसीचा. चिकलठाणा, मग वाळूज. 1985 मध्ये वाळूजला बजाजची स्कूटर बनू लागली. जिथे कारखाने, तिथे ड्रिल, ग्राइंडर, कटर आलेच. आणि यंत्र आले की त्याचे भंगारही येणार. कारखान्यांच्या इतिहासात हे प्रकरण कुणी लिहीत नाही.

बंद पडलेली ड्रिल मशीन अख्खी काट्यावर टाकली तर मिश्र मालाचा भाव, म्हणजे जवळजवळ मातीमोल. जाणकार आधी कार्बन ब्रश बघतो. पुष्कळदा तेवढेच झिजलेले असतात, आणि मशीन सेकंडहँड बाजारात पुन्हा उभी राहते. नाहीतर खोलायची. चक आणि बेअरिंग चांगले असतील तर सुटे विकायचे, गिअरचे पोलाद वेगळे, ॲल्युमिनियमची बॉडी वेगळी. खरा पैसा आर्मेचर आणि फील्ड कॉइलच्या तांब्यात. याला मी कारागिरीच म्हणेन. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले माग भिवंडी-मालेगावच्या मोमीन-अन्सारी विणकरांनी असेच घेऊन चालवले. एकाच्या भंगारावर दुसऱ्याचे शहर पोसले गेले.

पण तांबे लवकर मोकळे करायचे म्हणून वायर जाळतात, आणि तिथे माझे कौतुक संपते. पीव्हीसी जळताना निघणारा धूर क्लोरीनयुक्त, विषारी. तो जातो जाळणाऱ्या पोराच्या छातीत. शिवाय जळके तांबे काळवंडते आणि स्वच्छ तांब्यापेक्षा कमी भावाने जाते. आवरण सोलून काढले तर वेळ लागतो, पण भाव चांगला मिळतो.

कायदा उशिरा आला. 2016 च्या ई-कचरा नियमांत हात-यंत्रे नव्हतीच. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नव्या नियमांत विजेवर चालणारी ड्रिल, करवत, ग्राइंडर आले, आणि पुनर्चक्रीकरण फक्त नोंदणीकृत केंद्रानेच करायचे असे ठरले. उद्देश चांगला. मात्र ज्या माणसाला मशीन उघडल्याबरोबर तांबे कुठे आहे हे कळते, त्याच्यासाठी या व्यवस्थेत स्वतंत्र जागा ठेवलेली नाही. तो कागदावर बेकायदा, आणि माल मात्र त्याच्याच हातून पुढे जातो. नोंदणी, हातमोजे, आवरण सोलायचे साधे यंत्र आणि माल थेट केंद्राला देण्याची मुभा, एवढे त्याला मिळाले पाहिजे. वस्तीतल्या जमाती, पतपेढ्या आणि व्यापारी संघटना सोलायच्या यंत्रापासून सुरुवात करू शकतात; त्यासाठी सरकारची वाट बघावी लागत नाही.