स्लायगोचे तीन फिडलवादक

ग्रामोफोनच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन, फार तर साडेतीन मिनिटांचें संगीत मावत असे. ज्या गवयांना एक राग उलगडावयास तासहि अपुरा पडावा, त्यांची या तबकडीपुढें झालेली कुचंबणा आपल्याकडील संगीतप्रेमी घरांना परिचित आहे. परंतु याच तीन मिनिटांनीं युरोपांतील एका लहानशा देशाचें लोकसंगीत तारलें, आणि तारतां तारतां त्यांतील कांहीं भाग कायमचा हिरावूनहि घेतला, ही हकीगत तितकीशी परिचित नाहीं. ती आहे आयर्लंडच्या तीन फिडलवादकांची : मायकेल कोलमन, जेम्स मॉरिसन आणि पॅडी किलोरन यांची.

तिघेहि आयर्लंडच्या वायव्येकडील स्लायगो परगण्यांतले. त्याच्या दक्षिण भागांत, एकमेकांपासून थोड्या मैलांच्या अंतरावर वाढलेले. कोलमनचा जन्म १८९१ चा, मॉरिसनचा १८९३ चा. किलोरन त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनीं लहान. हा मुलूख लहान शेतकऱ्यांचा. तेथें संगीताला सभागृह ठाऊक नव्हतें. तें स्वयंपाकघरांत नांदत असे. संध्याकाळीं शेजारीपाजारी एखाद्या घरीं जमावयाचे, चुलीजवळ कोणी फिडल लावावयाचा, कोणी बांसरी काढावयाचा, आणि मंडळी तेथेंच नाचूं लागावयाची. कोलमनचा बाप बांसरी वाजवीत असे आणि त्याचें घर अशा बैठकींसाठीं प्रसिद्ध होतें. या वादकांच्या बहुतेक चिजा कानानेंच बापाकडून मुलाकडे जात.

या चिजांची घडण समजावयास सोपी आहे. 'रील' म्हणजे चार मात्रांच्या चालीचें जलद नृत्यगीत आणि 'जिग' म्हणजे सहाच्या झोकाचें. अशा चिजेचे बहुधा दोन भाग असतात. प्रत्येक भाग दोनदां वाजवावयाचा कीं एक आवर्तन पुरें झालें. रीलचें असें आवर्तन अर्ध्या मिनिटाहून थोडें अधिक वेळ घेतें. सांगाडा ठरलेला, परंतु प्रत्येक आवर्तनांत मुरकी कोठें घ्यावयाची, गजाच्या एका ओढींत किती स्वर घ्यावयाचे, कोणता स्वर गाळावयाचा, हें सारें वादकाच्या हातीं. तेथेंच त्याची ओळख पटे. आणि त्याच्या गांवाचीहि.

मग हे तिघे जण मायभूमि सोडून कां गेले? १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगानें आयर्लंडांत भीषण दुष्काळ माजला. कांहीं वर्षांत सुमारें दहा लाख माणसें दगावलीं, आणि तितकीं तरी देश सोडून गेलीं. दुष्काळ सरला, तरी परदेशीं जाण्याचा ओघ सरला नाहीं. लहानशा शेताच्या तुकड्यावर एकाच मुलाचा निभाव लागे. बाकीच्यांना अमेरिकेचें जहाज. सात भावंडांत धाकटा असलेला कोलमन १९१४ सालीं निघाला, मॉरिसन १९१५ सालीं आणि किलोरन १९२५ सालीं. न्यूयॉर्क शहरांत तिघांच्या वाटा एकत्र आल्या.

त्या शहरांत आयरिश वस्ती दाट होती, नृत्यशाळा होत्या, आणि घरची आठवण विकत घेण्याइतका पैसा मजुरांच्या खिशांत प्रथमच खुळखुळत होता. ही गोष्ट ग्रामोफोन कंपन्यांच्या आधीं एका दुकानदारणीनें ओळखली. एलेन ओ'बर्न या बाईंच्या दुकानांत गिऱ्हाइकें आयरिश नृत्यसंगीताच्या तबकड्या मागत, आणि त्या मिळत नसत. १९१६ सालीं त्यांनीं कोलंबिया कंपनीला सांगितलें, कीं तुम्ही मुद्रण करा, पांचशें तबकड्या मी घेतें. आणि वादक शोधावयास आपल्या मुलाला पाठविलें. अकॉर्डियन आणि बँजो यांची ती तबकडी हातोहात खपली. मग कंपन्यांचे डोळे उघडले. १९२१ पासून कोलमन आणि मॉरिसन यांचें वादन मुद्रित होऊं लागलें. पुढें किलोरनहि त्यांना येऊन मिळाला.

तिघांचा वारसा एक, परंतु हात निरनिराळे. कोलमनचें वादन जलद, वाहतें आणि मुरक्यांनीं नटलेलें. दुसऱ्या आवर्तनांत तो पहिल्याची पुनरुक्ति सहसा करीत नसे. मॉरिसन देश सोडण्यापूर्वीं गेलिक लीगच्या वतीनें नृत्य आणि आयरिश भाषा शिकवीत असे. त्याच्या वादनांत ठसठशीतपणा आहे. न्यूयॉर्कमध्येंहि तो शिकवीत राहिला, म्हणून लोक त्याला 'प्रोफेसर' म्हणत. किलोरन हा त्याच्या सहवासांत तयार झाला आणि नाचणाऱ्यांच्या पायाला न सोडणारा ठेका धरून त्यानें आपला वाद्यवृंद उभारला.

या तबकड्या परत घरीं गेल्या. कोणी टपालानें पाठविल्या, कोणी भेटीस जातांना ट्रंकेंतून नेल्या. ज्या खेड्यांत एकच किल्लीचा ग्रामोफोन होता, तेथें सारा गांव त्या घरीं जमे. ज्या संगीताला गांवंढळ समजून शिकलेले लोक नाक मुरडीत, तेंच न्यूयॉर्कहून छापील नांवानिशीं आलेलें पाहून खेडुतांची मान ताठ झाली. हा आधार मोठ्या अडचणीच्या वेळीं मिळाला. १९३५ च्या कायद्यानें सार्वजनिक नृत्याला परवाना आवश्यक केला. त्याच्या जोरावर धर्मोपदेशक आणि पोलीस यांनीं घरगुती नृत्यांनाहि आळा घातला. चुलीजवळची बैठक मोडूं लागली असतां तबकडीनें चिजा जिवंत ठेविल्या, हें तिचें ऋण नाकारतां येणार नाहीं.

पण दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. डोनेगॉलच्या फिडलवादकाचा गज तुटक, आंखूड ओढीचा. कॉर्क आणि केरी यांच्या सीमेवर पोल्का आणि स्लाइड यांचा सुकाळ. क्लेअरची चाल निवांत. परगण्यापरगण्याची बोली जशी वेगळी, तसा गजहि वेगळा होता. तबकडी आली आणि तरुण वादक बापाचा हात सोडून कोलमनचा हात धरूं लागले. १९३४ सालीं कोलमननें टारबोल्टन, लाँगफर्ड कलेक्टर आणि सेलर्स बॉनेट हे तीन रील एका तबकडीवर एकामागून एक वाजविले. तीन मिनिटांच्या मर्यादेंतली ही एक जुळणी. परंतु आज इतक्या वर्षांनंतरहि वादक हे तीन रील त्याच क्रमानें वाजवितात. एका दिवसाची निवड परंपरेचा नियम होऊन बसली. जो स्वतः दोनदां एकसारखें वाजवीत नसे, त्याची लोकांनीं स्वरन् स्वर नक्कल केली! आणि पहिला रील तर मूळचा स्कॉटलंडचा. तेथील एका गांवाचेंच नांव त्याला आहे.

कोलमनचा थोरला भाऊ जिम हाहि फिडल वाजवी. तो घरींच राहिला. मायकेलपेक्षां जिमचा हात सरस, असें त्या मुलखांतले कांहीं जाणते लोक सांगत. तें खरें कीं खोटें, हें ठरविण्याचें साधन उरलेलें नाहीं. कारण जिमची तबकडी निघाली नाहीं. जो देशांतर करून गेला त्याचा स्वर घरीं परत आला. जो घरीं राहिला त्याचा स्वर त्याच्याबरोबरच गेला.

१९२९ च्या आर्थिक संकटानंतर तबकड्यांचा धंदा बसला. १९३६ नंतर कोलमनची नवी तबकडी बाजारांत आली नाहीं. ४ जानेवारी १९४५ रोजीं, वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, तो न्यूयॉर्कमध्यें निवर्तला. १९४७ सालीं मॉरिसन गेला. किलोरन १९६५ पर्यंत होता. इकडे आयर्लंडला आपल्या उणीवेची जाणीव झाली होती. १९३५ सालीं स्थापन झालेल्या लोकविद्या आयोगानें १९४२ मध्यें शेमस एनिस या तरुणाला संगीत गोळा करण्यासाठीं नेमलें; तो सायकलवरून पश्चिमेकडील खेडींपाडीं पांच वर्षें फिरला. १९४७ पासून आयरिश नभोवाणीनें मुद्रणयंत्र गाडींत घालून वादकांच्या दारांत नेलें. कंपनीच्या खोलींत वादकाला बोलावण्याऐवजीं यंत्रच त्याच्या चुलीजवळ गेलें, हा फरक लहान नव्हे. त्यामुळें न्यूयॉर्क न पाहिलेल्या माणसांचे हातहि ऐकूं येऊं लागले.

१९७४ सालीं कोलमनच्या जन्मगांवाजवळ रस्त्याच्या कडेला त्याचें स्मारक उभारण्यांत आलें, आणि तें यथायोग्यच झालें. दोष त्याचा नव्हता, तबकडीचाहि नव्हता. अनेक हातांच्या जागीं तीनच हात ऐकूं आले, हा दोष होता. यापुढें एखाद्या थोर कलावंताची जुनी तबकडी आपण लावाल तेव्हां ती अवश्य आदरानें ऐका. मात्र तें त्याचें एका दिवसाचें वादन आहे एवढें मनांत असूं द्या, आणि ज्याची तबकडी निघाली नाहीं असा कोणी वृद्ध वादक आपल्या आळींत असेल, तर आधीं त्याच्या घरीं जा.